ताडपत्रीखालचं चौथं

भांडण मिटवायचं असेल तर माझ्याकडे यावं. मी नगरपालिकेत हेडक्लार्क होतो, आणि माझ्या टेबलावरून गेलेला वाद पुन्हा कधी डोकं वर काढत नसे. फाइलच सापडत नसे.

त्या वर्षी कचेरीपुढच्या हिरवळीवरून गावातल्या तीन भक्तमंडळांत जुंपली. घंटावाल्यांनी तिथे न विचारता कमान उभारली. लगोलग दिवेवाल्यांनी खांब रोवला. मग ग्रंथवाले कसे मागे राहतील? त्यांनी चबुतराच आणून ठेवला. तिघांचं म्हणणं मात्र एकच : जागा सरकारी आहे, तेव्हा बाकीच्या दोघांनी आपलं चंबूगबाळं उचलावं.

मी हुकूम काढला. 'निर्णय होईपर्यंत हिरवळीवरील सर्व वस्तू झाकून ठेवाव्यात. तिन्ही मंडळांच्या लेखी संमतीशिवाय झाकण काढू नये.' तो दिला आमच्या माळ्याकडे. हा माणूस इतका आज्ञाधारक, की झाडांना रोज पाणी घाल म्हटलं तर भर पावसात छत्री धरून घालणार.

सकाळी येऊन पाहतो, तर ताडपत्र्या चार.

"अरे, हे चौथं काय?"

"गवत कापायचं यंत्र, साहेब. तिथंच उभं होतं. सर्व वस्तू म्हणालात."

"काढ ते आधी."

"संमती?" माळी म्हणाला.

तोवर गर्दी जमली. चौथं कोणाचं? घंटावाले म्हणाले, आमचं नाही. दिवेवाले म्हणाले, आमचं नाही. ग्रंथवाल्यांनी कानावर हात ठेवले. ज्याअर्थी कोणीच ठेवलं नाही, त्याअर्थी ते आपणहून आलं, हे गावाला पटायला अर्धा तास लागला. माळी बिचारा घसा फोडून सांगत होता, "अहो, मशीन आहे ते."

"असू दे बाबा," एक आजी म्हणाल्या. "ज्याचा त्याचा भाव."

दुपारपर्यंत तिथे फुलं पडली. आणि महिन्याभराने जिल्ह्याचे साहेब तपासणीला यायचे होते! मागच्या खेपेला गवत वाढलेलं पाहून त्यांनी माळ्याला तंबी दिली होती : पुन्हा दिसलं तर घरी बसाल. गवत घोट्यापर्यंत आलं, तसा माळी माझ्या टेबलाशी येऊन नुसताच उभा राहू लागला. हे बोलण्यापेक्षा वाईट.

मी तिन्ही मंडळांना बोलावलं. "एक सही द्या. यंत्र काढतो, याची नोकरी वाचते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"नको," घंटावाल्यांचे अध्यक्ष म्हणाले. "झाकलंय तोवर ते सगळ्यांचं आहे. उघडलंत की कोणा एकाचं निघेल."

"अगदी बरोबर बोललात, दादा," दिवेवाले म्हणाले. दादा! परवापर्यंत एकमेकांना काय म्हणत होते, ते इथे छापता येणार नाही.

साहेब आले. गवत गुडघ्याला लागत होतं. माळी इस्त्रीचे कपडे घालून, निरोपाला उभं राहावं तसा उभा. मी ठरवलं होतं : सगळं खरं सांगायचं, चूक आपल्या अंगावर घ्यायची.

साहेब चौथ्यापाशी थांबले. फुलं पाहिली, हात जोडलेली माणसं पाहिली. मग खाली वाकून बूट काढू लागले.

"भोवतालच्या गवतालासुद्धा हात लावला नाहीत," ते माळ्याला म्हणाले. "शाबास. असंच राहू द्या."

माळी सुटला. आता खरं सांगायला म्हणून मी पुढे झालो, तर साहेबांची नजर माझ्या पायांकडे गेली आणि ते प्रसन्न हसले.

चारचौघांत उगाच वाईट दिसायला नको, म्हणून बूट मी फाटकापाशीच काढून आलो होतो.