माहेरपणाचा रविवार

वडनेरेकाकांनी जात्याची ओटी भरली तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. जातं म्हणजे आपलं साधं, दळायचं दगडी जातं. काकांनी त्याच्यावर खण ठेवला, नारळ ठेवला, मूठभर तांदूळ घातले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “सुखरूप जा. बुधवारी परत यायचं.” मग खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे सहीला धरला. तो गेटपास होता. त्यावर लिहिलं होतं : वस्तू – जातं, नग एक. कुठे – सायखेडा. कारण – माहेरपण.

मी सही केली. न करून सांगते कुणाला? काका जात्याबरोबर टेम्पोत मागे बसून सायखेड्याला गेले.

आमचं संग्रहालय म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. जुन्या नाशिकमध्ये गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या रस्त्यावर तीन खोल्या आणि एक लांबट व्हरांडा. राजेमहाराजांच्या ढाली-तलवारी आमच्याकडे नाहीत. गावातल्या आणि आसपासच्या लोकांनी दिलेली भांडीकुंडी, अवजारं, दिवे, खेळणी, एवढाच संसार. ऋतू बदलला की प्रदर्शन बदलायचं. थंडीत द्राक्षबागेतल्या जुन्या कात्र्या आणि पाट्या, पावसाळ्यात इरली आणि औतं, दिवाळीत दिवे, उन्हाळ्याच्या सुट्टीत भातुकली. मी तिथली व्यवस्थापक. वडनेरेकाका वस्तू सांभाळायचे. त्याआधी सातपूरच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले आणि पुढच्याच सोमवारी आमच्याकडे हजर झाले, ते स्वतःचा शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “वस्तू दिली म्हणजे लेक दिली.” देणाऱ्याने दिली, आपण घेतली, पावती फाडली, संपलं, असं त्यांना चालायचं नाही. ज्या घरातून वस्तू आली त्या घराला, तिचं प्रदर्शन लागलं की पत्र गेलंच पाहिजे, आणि तेही काकांच्या स्वतःच्या हातचं. साधं पोस्टकार्ड. मजकूर असा : “आपली समई आमच्याकडे कुशल आहे. येत्या रविवारी तिला भेटण्यास सहकुटुंब यावे.” मी एकदा म्हटलं, “काका, समई कुशल आहे म्हणजे काय?” तर म्हणाले, “चेपलेली नाही, हरवलेली नाही. आणखी काय असतं कुशल?”

आणि लोक यायचे हो. तेच तर नवल. आमचा माहेरपणाचा रविवार म्हणजे धमाल असायची. एरवी ‘हात लावू नये’ अशा पाट्या. त्या दिवशी पाट्या उलट्या करून ठेवायच्या. ज्यांची वस्तू त्यांनी ती वापरून दाखवायची आणि आलेल्या पोरांना तिची गोष्ट सांगायची. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याने कांदे जोखायचा मोठा तराजू दिला होता. त्यांच्या रविवारी त्यांनी हजर असलेली सगळी पोरं त्यात घालून जोखली आणि प्रत्येकाला वजनाची चिठ्ठी दिली. मग एक आजोबाही हट्टाला पेटले, तेव्हा मात्र काका मध्ये पडले. “नियमात बसत नाही,” म्हणाले. “काट्याची साखळी जुनी आहे.”

सायखेड्याच्या आजी आल्या त्या टेम्पो भरून माणसं घेऊन. आल्याबरोबर त्यांनी जात्यावरून बोट फिरवलं आणि काकांच्या नाकासमोर धरलं. “लेकीला आसं ठेवत्यात का? धूळ बघा कवढी हाय. माझ्या सासूनं लय जपलं व्हतं याला.” काका मुलाकडचे असून खाली मान घालून उभे. “चुकलं आमचं,” म्हणाले. आजी म्हणाल्या, “नाय, आता चार दिवस घरी नेते.” त्यावर तो गेटपास, आणि ती ओटी.

वस्तू हलवताना काका तिच्याशी बोलायचे. नवी आलेली असली तर आम्हाला दटावायचे, “हळू धरा, रुळलेली नाही अजून.” घरी कोण असतं म्हणून विचारलं तर म्हणायचे, “आम्ही दोघं. मी आणि रेडिओ.” त्यापुढे कुणी विचारलं नाही. मीही नाही. जात्याच्या सासर-माहेराची चौकशी करणाऱ्या माणसाला मी त्याच्या घरचं कधी विचारलं नाही, याचं आता मला वाईट वाटतं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एक बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. पस्तिशीच्या असतील. काका तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी होते. डब्यात तांब्याची भातुकली होती, आपल्या नाशिकच्या तांबटांच्या हातची. बोटभर उंचीचा बंब, त्याची तोटीसुद्धा फिरत होती. घंगाळ, कळशी, तपेलं. मी म्हटलं, “इतकी सुरेख आहे, देता कशाला? घरात मूल नाही का?”

“आहे. मुलगी आहे पाच वर्षांची,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “वडनेरे नाहीत का?”

“डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं.”

“बरा आहे ना डोळा?” त्यांनी पटकन विचारलं. मी बरा आहे म्हटल्यावर फॉर्म भरायला बसल्या. वैशाली, पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, सातपूरचा पत्ता. पत्ता दोनदा गिरवला. “पत्र तेच लिहितात ना? स्वतः?”

“तेच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. भातुकली उन्हाळ्यात लागते, तेव्हा तुम्हाला येईल.”

“येईल ना नक्की?”

“अहो, येईल म्हणजे येईल. नियमच आहे त्यांचा.”

ती काकांची मुलगी होती. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. आई लहानपणीच गेलेली, काकांनी एकट्याने वाढवलेली. तिने आपल्या मनाने, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. काका रागाच्या भरात एवढंच बोलले, “आता बोलावल्याशिवाय या घरात यायचं नाही.” आणि मग बोलवायचं राहून गेलं. तोंडातून गेलेला शब्द त्यांना परत घेता येईना, आणि बापासारखीच हट्टी लेक बोलावल्याशिवाय येईना. सातपूर ते जुनं नाशिक, बसने अर्धा तास. सहा वर्षं झाली होती. तिच्या शेजारणीने आम्हाला कधीतरी धान्य पाखडायचं सूप दिलं होतं. तिच्याकडे काकांचं पोस्टकार्ड आलेलं वैशालीने पाहिलं, अक्षर ओळखलं, आणि तिला ही युक्ती सुचली. बाप मनाने बोलावणार नाही, पण नियमाने बोलावल्याशिवाय राहणार नाही. वस्तू दिली की पत्र आलंच.

युक्ती अगदी बिनचूक होती. घोटाळा केला तो मी.

एक तर नंबर माझ्या यादीत टिपून तो डबा मी फॉर्मसकट माझ्या ऑफिसच्या कपाटात ठेवला, काका आले की देऊ म्हणून, आणि साफ विसरले. दुसरं म्हणजे त्याच हिवाळ्यात मला सुधारणेचं वेड लागलं. विश्वस्तांच्या बैठकीत मीच म्हटलं, की या रविवारांची जत्रा झालीय, लोक डबे घेऊन येतात, जात्यावर पीठ सांडतं. त्याऐवजी कौटुंबिक कार्यशाळा घेऊ, मातीकाम, फोटो काढायला एक सजवलेला कोपरा. नोंदी कॉम्प्युटरवर घेऊ. पत्रं बंद. देणगीदारांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप टाकला की झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला भारी वाटलं होतं त्या दिवशी.

काका भांडले नाहीत. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, “मॅडम, निरोप सगळ्यांना जातो. पत्र एकाला जातं.”

“काका, काळ बदलला,” मी म्हटलं. असली वाक्यं तेव्हा माझ्या तोंडात फार असायची.

“बरं. मग एक करा. यंदा नवीन आलेल्या वस्तूंची नावं तेवढी द्या. त्यांना तरी लिहितो. पहिलं वर्ष आहे त्यांचं.”

पहिल्या वर्षी लेकीला माहेरी बोलावतातच, हे मला काय माहीत नव्हतं? पण मी म्हटलं, “यादी कॉम्प्युटरमध्ये आहे, नंतर बघू.” ते नंतर काही आलं नाही. उन्हाळ्यात भातुकली लागली नाही, मातीकाम लागलं. वैशालीच्या मोबाइलवर माझा निरोप गेला असणार : सर्व देणगीदारांना सप्रेम नमस्कार, मर्यादित जागा, त्वरा करा.

मातीकामाचं काय झालं ते विचारूच नका. पोरांचे हत्ती आयाच वळायच्या, पोरं फोटोच्या कोपऱ्यात. पुढच्या उन्हाळ्यात विश्वस्तच म्हणाले, आपली भातुकली बरी. मी कपाट आवरायला घेतलं आणि मागून तो स्टीलचा डबा निघाला. काका व्हरांड्यात मांडणी करत होते. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. “हे राहून गेलं होतं माझ्याकडे,” म्हटलं.

त्यांनी झाकण उघडलं. बंब काढला, तोटी फिरवली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग आतला फॉर्म वाचला आणि तिथेच पायरीवर बसले.

“कधीची आवक?”

“मागच्याच्या मागच्या श्रावणातली.”

“पत्र गेलं का?”

मी नाही म्हटलं. वैशाली त्यांची कोण हे विचारायची गरज नव्हती. त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला ते कळलं. मग त्यांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. पोस्टकार्ड त्यांनी त्याच पायरीवर लिहिलं. एरवी दोन ओळी लिहायला त्यांना दोन मिनिटं लागायची. त्या दिवशी जेवणाची सुट्टी गेली. मी ते स्वतः पोस्टात टाकून आले.

आठ दिवसांनी ते परत आलं. घर सोडून गेले, असा शेरा होता.

फॉर्मवर मोबाइल नंबर होता. काका फोन करायला तयार होईनात. शेवटी मीच लावला. वैशालीच बोलली. नवऱ्याची बदली झाली, दिवाळीनंतर ते तामिळनाडूत गेले. “वाट बघितली, मॅडम,” ती म्हणाली. “उन्हाळाभर बघितली. मग धरून चालले, की बाबांनी नाव वाचलं आणि पत्र टाकलं नाही. नियम मोडला त्यांनी माझ्यासाठी. त्यापुढे काय राहिलं?”

मी तिला खरं ते सांगितलं. डबा माझ्या कपाटात होता, पत्रं मी बंद केली, त्यांना तुझं नावच कळलं नाही. ती म्हणाली, “बाबांना द्या.”

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. ऐकत राहिले. मग म्हणाले, “नाही गं. मॅडम उगाच स्वतःवर घेतात, त्यांचा काही संबंध नाही. पत्ता होता माझ्याकडे. पहिल्या दिवसापासून होता. त्याला भांडी कशाला यायला हवी होती? चूक माझी आहे.” परत ऐकलं. “हो, दिवाळीत. रजा मिळाली तर ये. मुलगी केवढी झाली?” आणि मग जरा वेळाने, “सात का? मग खेळत नसेल आता भातुकली.”

फोन मला परत देऊन ते बंब कुठे ठेवावा ते बघायला लागले. नात भातुकली खेळायच्या वयाची असताना मागच्या उन्हाळ्यात त्यांच्यापासून अर्ध्या तासावर राहत होती. आधीची सहा-सात वर्षं काकांची, ते खरंच. पण ते एक वर्ष माझं होतं. तेही त्यांनी आपल्याच नावावर घेतलं, आणि मी तिथे उभी असून एक शब्द बोलले नाही.