हसनचाचांचं बेल्जियम

हसनचाचांच्या दुकानात एक काडेपेटी विकायची नव्हती. ती बेल्जियम होती.

एकोणीसशे साठच्या आसपासचं साल. दुबईच्या खाडीकाठच्या बाजारात आमची तीन दुकानं एका रांगेत. माझं कापडाचं, शेजारी माझ्या बायकोच्या भावाचं, इब्राहिमचं, भांड्यांचं, आणि कोपऱ्यावर हसनचाचांचा किराणा. दाभोळकडचा हा माणूस चौदा सालची युरोपातली लढाई रोज दुपारी दुकानात मांडायचा. खजुराचं पोतं जर्मनी. तांदळाचं पोतं रशिया, कारण हलायला वेळ घेतो. तेलाचा डबा फ्रान्स, चहाचा इंग्लंड, तुपाचा ऑस्ट्रिया, वेलचीची डबी सर्बिया. मधोमध काडेपेटी.

एकदा एका नाखव्याने घाईत तीच काडेपेटी उचलली. चाचांनी त्याचं मनगट धरलं. "हबीबी, जर्मनीने हेच केलं. ठेव खाली. फळीवर दुसऱ्या आहेत."

लढाईचं कारण ते मीठ तोलता तोलता सांगायचे. ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला गोळी लागली, ते निमित्त. खरं म्हणजे प्रत्येकाने कोणाला ना कोणाला शब्द देऊन ठेवला होता. त्यात ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली. "अरे, अठ्ठेचाळीस तासांत माणसाचा साधा रुसवा निघत नाही," असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे असं बघायचे, जणू मुदत त्यानेच दिली होती.

मग पोती सरकायची. जर्मनी काडेपेटीवरून पॅरिसकडे निघायचा आणि नदीकाठी अडायचा. "दोन्हीकडच्यांनी खंदक खणले. खलास." इथे लढाई रोज थांबायची. पुढे काय झालं विचारलं, की चाचा तांदूळ निवडायला बसायचे. मला वाटायचं, अर्धा माल दाखवून गिऱ्हाईक परत बोलवायची ही युक्ती. मी स्वतः तेच करतो.

आता माझं ऐका. मी या गावात एक गठ्ठा कापड घेऊन उतरलो. कोणी हात दिला नाही. इब्राहिमला मात्र मी आणला, मी दुकान मिळवून दिलं. आणि या माणसाने उन्हासाठी ताडपत्री बांधली ती माझ्या दारावर वीतभर पुढे. माझ्या कापडाचे रंग काळवंडले. लाल आणि किरमिजी यांतला फरक गिऱ्हाइकाला दिसेना. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "सावली फुकट मिळतेय भावजी, घ्या की."

त्या 'घ्या की'ने माझं डोकं फिरलं. हसनचाचांना हाक मारली आणि म्हटलं, सांगा त्याला, अठ्ठेचाळीस तास. नाहीतर कात्रीने कापतो. हा आकडा माझ्या तोंडी कुठून आला, ते सांगायला नको.

संध्याकाळपर्यंत इराणी पाववाला माझ्या बाजूने झाला. दोन नाखवे इब्राहिमच्या बाजूने. घरी बायको म्हणाली, "ताडपत्री कापलीत तर मी भावाकडे राहायला जाईन. मग तुमचं तुम्ही बघा." तांदळाचं पोतं हललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा माझ्या दुकानात आले. भर धंद्याच्या वेळी दुकान सोडून येणारा हा माणूस नव्हे. मी कहवा ओतून दिला. त्यांनी तो कप समोर ठेवला आणि हात मागे घेतला.

इथल्या रिवाजात पाहुण्याने कहवा न पिता खाली ठेवला, की तो काही मागायला आलेला असतो, आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत पीत नाही. मला हे ठाऊक होतं. म्हणून मी कापडाचा तागा उलगडायला घेतला. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो. मी चार तागे उलगडले, चारही पुन्हा गुंडाळले. चाचा हलले नाहीत.

"बोला," मी म्हटलं. हरलो.

"माझा बाप आगबोटीवर कोळसा टाकायचा," ते म्हणाले. "चौदा साली बोटीवर निघाला. आई मला रोज पोस्टात पाठवायची, बोटीची काही खबर आहे का विचारायला. मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. आज हा हलला, आज तो. मी विचारायचो, का? ते समजावून सांगायचे. खंदक खणल्याचं वाचलं त्याच दिवशी तार आली. बोट समुद्रातल्या सुरुंगावर फुटली."

मी तागा खाली ठेवला. "आणि पुढची लढाई?"

"पुढे पोस्टात कशाला जाऊ, युसूफ?"

मग म्हणाले, "एवढ्या लोकांत एकाने मागे हटायला हवं होतं. कोणीही चाललं असतं."

मी म्हटलं, सांगा इब्राहिमला, मुदत गेली. ताडपत्री राहू दे. पण ती वीत माझी आहे. आजही माझीच आहे.

चाचांनी कप उचलला. कहवा गार झाला होता, तरी एका घोटात संपवला. पुरे झाल्यावर इथे कप हलवून दाखवायचा असतो. त्यांनी हलवला नाही, नुसता हातात धरून बसले. मी पुन्हा भरला. मग पुन्हा. दुपारचं गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते मी परत पाठवलं.