न तपासलेला काटा

आजोबांनी अर्ज उजेडाकडे धरला आणि शांतपणे विचारले, "या मापाची तपासणी कोणी केली?"

सर्वेक्षक गोंधळला. वृद्धांचा एकटेपणा मोजणारे वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एवढेच त्याला शिकवले होते. अर्जात घोळ झाला तर नोकरी जाईल, हेही बजावले होते. आजोबांची हयात मात्र वजनमापे खात्यात गेलेली. तपासल्याशिवाय एकाही तराजूवर त्यांनी शिक्का मारला नव्हता. उतारवयात स्वतः न तपासलेल्या काट्यावर चढायला ते तयार नव्हते.

"आधी रिकामं पारडं बघायचं," ते म्हणाले. "तू तरुण, कमावता. तुझं माप शून्याच्या आसपास यायला हवं. भर."

"भर बाबा," आजी आतून म्हणाली. "आमच्या लग्नाच्या बोलणीत माझी उंची सांगितली, तर यांनी फूटपट्टी मागवली होती."

सर्वेक्षकाने मुकाट्याने पेन उघडले. मनातले कोणापाशी बोलता? तुमची वाट कोण पाहते? प्रामाणिकपणा हा त्याचा जुना दोष. बेरीज एक्केचाळीस आली. मग दुसऱ्या कोऱ्या अर्जावर, प्रत्येक प्रश्नाला आजीशी हुज्जत घालत, आजोबांनी उत्तरे दिली. त्यांची बेरीज सात भरली.

"पारडं रिकामं नव्हतं तर," आजोबा हळूच म्हणाले. आजीने न विचारता आणखी एक कप चहा टाकला.

आपण भरलेल्या पहिल्या अर्जावर आजोबांचे नाव आधीच छापलेले होते, हे सर्वेक्षकाच्या ध्यानात आले तेव्हा तो अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. साहेब हळहळत होते. एक्केचाळीस म्हणजे शहरातला उच्चांक. या गृहस्थांपाशी दर गुरुवारी दोन तास कोणीतरी बसलेच पाहिजे. ओळख झालीच आहे, तर सर्वेक्षकानेच जावे.

गुरुवारी तो गेला आणि दारातच सगळे कबूल केले. आजोबांनी एक पत्र लिहिले असते तर त्याची नोकरी संपली असती, आणि खोट्या मापाला त्यांनी जन्मात क्षमा केली नव्हती.

"माप बरोबर आहे," अखेर ते म्हणाले. "पत्ता तेवढा चुकलाय."

"मग उभं काय ठेवलंय त्याला?" आजी म्हणाली. "दोन तास भरायचेत ना?"

आजोबांनी मनगटावरचे घड्याळ सोडून टेबलावर, सर्वांना दिसेल असे ठेवले. ते सव्वाचारलाच थांबलेले आहे, हे सर्वेक्षकाने पाहिले. आजोबांच्या नजरेतून ते सुटले असेल, असे मात्र त्याला वाटले नाही.