वाहिलेली पेटी

रामदासरावांची पेटी लिलावात गेली, तेव्हा रामदासराव चर्चच्या मागच्या खोलीत डोळे मिटून क्षमेवरच्या कीर्तनातली साकी घोळवत होते. बाहेर कुणीतरी "एकवार, दोनवार" म्हणालं, टाळ्या पडल्या, आणि त्यांना वाटलं, भोपळा गेला असेल.

कापणीचा सण होता. शहरातल्या मंडळींना शेत कुठलं? तरी पहिलं पीक देवाला वाहायची रीत कुणी सोडली नव्हती. ज्यांच्या गॅलरीत कढीपत्ता होता त्यांनी कढीपत्ता आणला. ज्यांना गॅलरीच नव्हती ते पहाटे मार्केट यार्डात जाऊन दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातला भोपळा घेऊन आले. धायरीकडची दोन-तीन घरं मात्र अजून स्वतःच्या रानातली कणसं आणत. उपासना झाली की वेदीपुढच्या सगळ्या वस्तूंचा लिलाव, मग रामदासरावांचं कीर्तन, मग जेवण, असा ठरलेला क्रम. पोरं पेटीच्या पट्ट्या बडवतात म्हणून रामदासरावांनी सकाळीच ती उचलून सुरक्षित जागी ठेवली होती. सुरक्षित जागा म्हणजे वेदीची पायरी, उसाची मोळी आणि लाल भोपळा यांच्या मधोमध.

खांद्यावरचं उपरणं सारखं करत ते बाहेर आले, तर सगळी मंडळी उभी राहिली. पाळकसाहेबांनी पुढे येऊन मिठीच मारली.

"रामदासराव, आज तुम्ही आम्हाला लाजवलंत."

"मी? काय केलं मी?"

"हेच ते. उजव्या हाताचं डाव्याला कळू न देणं."

रामदासरावांची नजर पायरीवर गेली. ऊस नव्हता, भोपळा नव्हता, आणि त्या दोघांच्या मध्ये जे होतं तेही नव्हतं.

"माझी पेटी कुठंय?"

"आता 'माझी' म्हणू नका," पाळकसाहेब हळुवारपणे म्हणाले. "गेल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत ना."

गेल्या रविवारी त्यांनी सांगितलं होतं खरं. आणि नुसतं सांगितलं नव्हतं, चालीवर सांगितलं होतं. 'देवाचे उपकार मोजता येत नाहीत आणि तुम्ही त्याला देता काय? यार्डातला स्वस्त भोपळा? ज्यात जीव अडकलाय ते आणून ठेवा वेदीपाशी.' चाल इतकी छान लागली होती की दोन बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

रामदासरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ही पेटी त्यांच्या वडिलांची. खेडोपाडी कीर्तनं करत फिरलेली. तिला घरात कुणी फडकंसुद्धा लावायचं नाही, ते स्वतः लावत. पण बोलायचं कसं? पायरीवर पेटी पाहून कौशल्याबाईंनी घरी जाऊन नवाकोरा मिक्सर आणून ठेवला होता. बद्रीनाथने मनगटावरचं घड्याळ काढून दिलं होतं. आता आपली पेटी नुसतीच विसावायला ठेवली होती म्हणावं, तर मिक्सर आणि घड्याळ आल्या वाटेने परत जाणार, आणि त्यांच्या मागोमाग रामदासरावांचं कीर्तन.

त्यांनी बापूरावांना कोपऱ्यात गाठलं. बापूराव त्यांचे तबलजी. आवाज खणखणीत, म्हणून लिलाव दरवर्षी त्यांच्याकडेच.

"बापूराव, उभा जन्म तुम्ही माझ्याशेजारी तबल्याला बसलात. आणि माझी पेटी विकलीत."

"मी कोण विकणारा? तुम्ही वाहिलीत, मी आवाज दिला." बापूरावांनी रुमालाने नाक पुसलं. "तोही फुटत नव्हता हो. भोपळ्याच्या वेळी असं कधी झालं नाही."

"मला विचारायचं तरी."

"आलो होतो की खोलीत. तुम्ही डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणालात, काय असेल ते उरकून टाका, माझी साकी बिघडवू नका."

हेही खरंच म्हणाले होते. रामदासरावांनी दात आवळले.

"घेतली कुणी?"

"उत्कर्षा बोली फार चढवत होती. ती आपली आयटीतली. म्हणत होती, हॉलच्या कॉर्नरला व्हिंटेज लुक येईल, वर मनी प्लांट ठेवीन." बापूराव जरा थांबले. "पण ती नाही तिला मिळाली. कोंडीरामने नेली."

मनी प्लांटपर्यंत रामदासरावांनी राग धरून ठेवला होता. कोंडीरामला तो फुटला.

गेल्या वर्षीच्या सणाला त्यांचं कीर्तन होतं शेवटच्या काळावर. आकाश गुंडाळलं जातंय, पृथ्वी थरथरतेय, कर्णा आता वाजणार, पेटीवर एकच सूर धरलेला, सगळी मंडळी श्वास रोखून बसलेली. आणि कर्ण्याच्या जागी पहिल्या बाकावरच्या कोंडीरामचा मोबाईल वाजला. गाणं वरातीतलं. बरं, बंद करावा की नाही? या गृहस्थाने तो कानाला लावला, "हां हां, सांगतो" म्हणाला, आणि रामदासरावांकडे बघत पाची बोटं जुळवून तोंडापाशी नेली, दोनदा. भर कीर्तनात वेडावून दाखवलं. रामदासरावांनी व्यासपीठावरून सुनावलं, "काहींना तो कर्णा ऐकू येणार नाही. ते फोनवर असतील." मंडळी हसली. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. मधल्या काळात रामदासरावांनी क्षमेवर बरीच कीर्तनं केली, तेव्हाही कोंडीराम पहिल्या बाकावर असायचा आणि रामदासराव दुसऱ्या बाकापासून पुढे बघायचे.

कोंडीराम बाहेर चिंचेखाली पेटी दोरीने स्कूटरला बांधत होता.

"ती उतरवा," रामदासराव म्हणाले.

"का? माझी हाय आता."

"तुम्हाला सा कुठला आणि रे कुठला हे तरी कळतं का?"

"न्हाई कळत."

"मग कशाला घेतलीत? मला डिवचायला?"

कोंडीरामने गाठ मारता मारता मान वर केली. "तुमी ती वाहिलीच न्हाई, कीर्तनकार. जो मानूस पेटीवर माशी बसली तर कीर्तन थांबवतो, तो पेटी भोपळ्याशेजारी सोडंल व्हय? मला तवाच कळलं. पर लोकं रडाया लागली हुती. आनि ती पोरगी तिच्यावर कुंडी ठेवनार म्हनली. म्या म्हटलं, घ्यावी आपन."

रामदासरावांना आभार मानायला हवे होते. शब्द ओठांपर्यंत आले, तिथे गेल्या वर्षीची वरात आडवी आली.

"मग द्या परत."

"देतो की. यकच म्हननं हाय. 'कोंडीराम, तुला माफ केलं' असं म्हना, आनि न्या. वरीस झालं, तुमी मला सोडून समद्या चर्चला माफ करताय."

सत्तर वेळा सात क्षमा करावी, या वचनावर रामदासराव तासभर सहज बोलत. त्यांनी घसा खाकरला.

"तुमचं चुकलंच होतं. तरीपण—"

"तरीपन नको."

"मी मोठ्या मनाने—"

"मोठं मन बी नको. नुसतं माफ केलं म्हना."

"अहो, तुम्ही भर कीर्तनात मला वेडावून दाखवलंत." रामदासरावांचा आवाज आवारभर गेला. "प्रभूचं येणं वर्णन करत होतो मी. तिथे वरात वाजवलीत तुम्ही."

एवढ्यात स्वयंपाकाच्या मांडवातून नंदाबाई आल्या. रामदासरावांच्या पत्नी; सणाचं जेवण त्यांच्याकडे असे. हातात डाव तसाच होता.

"अहो, कीर्तन आत आहे की इथे? कशाचं एवढं चाललंय?"

"गेल्या वर्षीच्या फोनचं," रामदासराव गुरगुरले.

"कुठला? तो होय? तो मीच केला होता."

कोंडीराम मान खाली घालून पुन्हा दोरीच्या गाठीला लागला.

"तुम्ही शेवटच्या काळात शिरलात की शेवट म्हणून करत नाही. रस्सा गार होत होता. तुमचा फोन पिशवीत बंद. म्हटलं, कोंडीरामभाऊजी पहिल्या बाकावर आहेत, ते खूण करतील, जेवायला चला म्हणून. केली की त्यांनी."

पाची बोटं, तोंडापाशी, दोनदा. रामदासरावांना ती खूण आत्ता दिसली.

"आणि हे तू मला वर्षभर सांगितलं नाहीस?"

"त्या दिवशी घरी येईस्तोवर तुम्ही नुसते धुमसत होतात. म्हटलं, मध्ये आपला नंबर कशाला लावा."

रामदासराव कोंडीरामकडे वळले. "तुम्ही तरी बोलायचंत."

"वैनींचं नाव कशाला सांगायचं? तुमचा राग यकट्या मान्सावर मावत व्हता. बरा व्हता."

एवढा वर्षभर जपलेला, वेळोवेळी ऊब दिलेला राग, आणि तो आता ठेवायला जागा उरली नाही. बायकोवर ठेवावा तर तिच्या हातात डाव. बापूरावांवर ठेवावा तर चूक स्वतःची. रामदासरावांनी उपरण्याने कपाळ पुसलं.

"कोंडीराम, माझं चुकलं. मला माफ करा."

"तरीपन?" कोंडीरामने विचारलं.

"तरीपण नाही."

कोंडीरामने दोरी सोडली. "पर पेटी माझीच ऱ्हाईल बरं का. न्हाईतर तुमचं त्या रविवारचं कीर्तन खोटं पडंल. तुमच्याकडं ठेवाया देतो. वाजवा."

रामदासरावांनी पेटी दोन्ही हातांनी घेतली. घरच्याच वस्तूबद्दल असे आभार मानायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी ते मानले. हळू आवाजात, पण चाल न लावता.

मग कीर्तन उभं राहिलं. रामदासरावांचा सूर त्या दिवशी काही वेगळाच लागला. बापूराव तबल्यावर मध्येच डोळे पुसत होते, पाळकसाहेब मान डोलवत होते, कौशल्याबाईंना मिक्सरचं काहीच वाटेनासं झालं होतं. पूर्वरंग संपला, आख्यान रंगलं, आणि सत्तर वेळा सातचा हिशेब रामदासराव एकेका क्षमेचं उदाहरण देत सोडवायला लागले.

पहिल्या बाकावर वरात वाजली.

मंडळींनी माना खाली घातल्या. कोंडीरामने फोन कानाला लावला, "हां वैनी, सांगतो" म्हणाला, आणि व्यासपीठाकडे बघून पाची बोटं जुळवली.

रामदासरावांची कानशिलं तापली. अजून तीन साक्या बाकी होत्या, आणि त्यांतली तिसरी सगळ्यांत चांगली होती. त्यांनी कोंडीरामकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं; तिथे नंदाबाई डाव घेऊन उभ्या होत्या. मग त्यांनी सावकाश पेटीचा भाता मिटला.

"मंडळी," ते म्हणाले, "राहिलेली क्षमा जेवण झाल्यावर."