नटूभाईंचा उंदीर

गाडीची बॅटरी उतरते अशी तक्रार घेऊन नटूभाईंकडे गेलं, की ते गाडीला हात लावत नाहीत. आधी घरातल्या एकेका माणसाची जबानी घेतात. काल गाडीत शेवटचं कोण बसलं, दार कुणी लावलं, टेप कोण ऐकतं. आजीबाईसुद्धा सुटत नाहीत.

"करंट कुठे जात नाय, मास्तर. करंट कोणीतरी नेतो," हे त्यांचं ठाम मत. "आणि नेणारा घरातलाच असतो."

डहाणू स्टेशनच्या पूर्वेला त्यांची पत्र्याची टपरी आहे. वाहनांची वायरिंग करणारे तालुक्यात चार-पाच जण असतील, पण उभ्या गाडीची बॅटरी रोज का उतरते, हे शोधायचं तर नटूभाईच. घरात ते गुजराती बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि बॅटरीशी हिंदी. "बोल बेटा, किसने सताया?" असं म्हणत ते तिच्यावरची धूळ पुसत, तेव्हा नवखा माणूस दोन पावलं मागे सरकायचा.

चोर सापडला, की चारचौघांत त्याचं नाव घ्यायचं, ही त्यांची वाईट खोड. चिंचणीच्या एका मासळीवाल्याच्या टेम्पोत त्यांना सीटखाली शेंगांची टरफलं सापडली. तिथल्या तिथे त्यांनी जाहीर केलं, की जावईबापू दुपारी टेम्पोत बसून शेंगा खात टेप ऐकतात. जावईबापू त्याच संध्याकाळी रुसून गेले ते होळीपर्यंत फिरकले नाहीत. तलासरीच्या एका डॉक्टरांच्या जीपचं मागचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतला दिवा रात्रभर जळायचा. नटूभाई दवाखान्यात शिरून सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले, "चोर मिळाला. डॉक्टरसाहेब स्वतः." कोणी समजावलं तर हातातला तपासणीचा बल्ब दाखवून म्हणत, "मी बल्बशी खोटं बोललो तर बल्ब माझ्याशी खरं बोलेल काय?"

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी आमची पाळी आली.

आमची व्हॅन म्हणजे खरं तर आप्पांची, माझ्या वडिलांची. पंचवीस वर्षं त्यांनी डहाणू ते तलासरी सीटा भरून गाडी मारली. पहिली गाडी, दुसरी गाडी, ही तिसरी. साखरेनं त्यांची नजर अधू केली आणि चारोटीच्या नाक्यावर एका म्हशीला वाचवताना गाडी गटारात गेली, तेव्हा मी चावी काढून घेतली. कारण सांगितलं नाही, हात पुढे केला. त्यांनीही मुकाट्यानं चावी हातावर ठेवली. तेव्हापासून गाडी अंगणात उभी. महिन्यातून दोनदा मी ती बाहेर काढायचो, आणि दर वेळी ती ढिम्म. शेजारपाजारच्या चौघांना हाका मारून ढकलायची. बॅटरी नवी घातली, तीही तीन आठवड्यांत उतरली.

"चोर मिळाला नाही तर सोमवारी गाडी भंगारात," मी नटूभाईंना सांगितलं. आप्पा ओटीवर वाल सोलत बसले होते. त्यांनी ऐकलं.

नटूभाईंनी जबान्या घेतल्या. माझी झाली, बायकोची झाली. "आप्पा, दुपारी कुठे असता?"

"झोपतो," आप्पा म्हणाले.

मग बॅटरीची एक वायर सोडवून त्यांनी मध्ये बारीकसा बल्ब लावला. गाडी बंद असताना तो पेटला तर कुठेतरी करंट झिरपतो आहे असं समजायचं. मग एकेक फ्यूज काढायचा. जो काढल्यावर बल्ब विझेल, त्या वाटेवर चोर. आमचा बल्ब पेटलाच नाही. नटूभाई पाऊण तास उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिले.

"गाडी निर्दोष आहे," ते उठत म्हणाले. "भाभी, जरा तांदळाचं पीठ द्या."

बायकोला वाटलं, आता पूजा घालणार. त्यांनी ते पीठ ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर हलक्या हातानं भुरभुरवलं, दार लावलं आणि सांगितलं, की उद्या संध्याकाळपर्यंत इथे कोणी बोट लावायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा ते गाडीत वाकलेले होते. बराच वेळ तसेच. मग त्यांनी मान वळवून ओटीकडे पाहिलं. आप्पांचा वाल सोलणारा हात थांबला होता. नटूभाईंनी फडकं मागून घेतलं आणि मॅट स्वच्छ पुसून टाकली.

"उंदीर," ते म्हणाले.

"पिठात उंदराचे पाय?"

"मोठा आहे," नटूभाई माझ्याकडे न बघता म्हणाले. "वायर कुरतडतो. पण इलाज आहे, गाडी काढायची गरज नाय."

वर्गात शेवटच्या बाकावर कोण काय खातं ते पाठमोरा ओळखणारा मी मास्तर. पण मी ते उंदीरप्रकरण अख्खंच्या अख्खं गिळलं. नटूभाईंनी स्टिअरिंगखाली एक बटण बसवलं. गाडी काढायची तेव्हा मी ते दाबायचं, एरवी बॅटरी गाडीपासून तुटलेली. म्हणजे उंदराला करंट मिळणार नाही. आणि खरोखर, त्यानंतर गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला लागली. मी स्टाफरूममध्ये हे उंदराचं बटण चार जणांना वर्णन करून सांगितलं. विज्ञानाच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं होतं.

नटूभाई मात्र आठवड्यातून दोनदा दुपारी येऊ लागले. उंदराची तपासणी म्हणून. हातात कापडी पिशवी. "एवढी काळजी कोण घेतं आजकाल," असं बायको म्हणायची. मीही मान डोलवायचो.

मग एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी अंगणाच्या कडेनं येत होतो, तर व्हॅनमधून टिकटिक ऐकू आली. मागचा इंडिकेटर लागत-विझत होता. डावीकडचा. बाजूचं दार उघडं होतं. मागच्या सीटखाली स्कूटरची एक जुनी बॅटरी ठेवलेली, तिच्यातून वायर पुढे गेलेली. तिच्यावर दिवे लागत होते, हॉर्न आणि ब्रेकचा दिवा चालत होता, फक्त इंजिन सुरू होणार नव्हतं. पिशवीतून काय येतं-जातं ते मला तेव्हा कळलं.

स्टिअरिंगवर आप्पा होते. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. त्यांच्या मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, नटूभाई बसले होते.

"चारोटी," आप्पांनी हाळी दिली. "चारोटीवाले उतरून घ्या." त्यांनी ब्रेक दाबला, थांबले, आरशात पाहिलं, मग डावीकडे स्टिअरिंग फिरवलं. "आता हायवे आहे, नटूभाई. धरून बसा."

"बसलो, आप्पा. घाई नाय."

"विवळवेढ्याला उतरणार?"

"नाय, नाय. देवीला इथूनच हात जोडतो. मी तलासरीपर्यंत आहे."

"तलासरीत कोण आहे तुमचं?"

नटूभाईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी नवसारीला दिलेली. हे मला ठाऊक होतं, पण दुपारी टपरी बंद करून हा माणूस कुठे जेवतो, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"कोण नाय," ते म्हणाले. "पण घरी जाऊन तरी काय करू? तुमच्याबरोबर रस्ता बरा जातो."

आप्पा हसले. चावी दिल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. दुसरी चावी त्यांनी स्वतःजवळ ठेवली होती, आणि ती नजरेआड करायला एका परक्या माणसानं आयुष्यभराची खरं बोलायची शिस्त मोडली होती. मला त्या दोघांचा राग आला नाही. माझी मलाच लाज वाटली. वर्षभरात एकदासुद्धा मी आप्पांना म्हटलं नव्हतं, की चला, मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा.

मी चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता मागच्या दारानं घरात गेलो. बायको चहा टाकू का म्हणून विचारायला लागली, तिला म्हटलं, अर्ध्या तासानं टाक, चार कप. ते अजून तलासरीच्या अलीकडच्या आंबोलीलाही पोचले नव्हते.