टूल रूमच्या फोनची लेव्हल

आमच्या चाकणच्या कंपनीतले टेलिफोनवाले वाघमारे फोन उचलून ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘मोठ्यानं बोलताय,’ म्हणतात. समोरच्यानं अजून तोंडही उघडलेलं नसतं!

कंपनीनं ऑफिसात इंटरनेटवरचे फोन बसवले आणि कारखान्यात जुने तारेचे तसेच ठेवले. तेव्हापासून या दोघांचा संसार लावून द्यायचं काम वाघमाऱ्यांकडे. मध्ये एक डबा आहे. इकडचा आवाज तिकडे किती सोडायचा, तो आकडा त्यात घालायचा. कमी घातला तर पलीकडे नुसती कुजबुज. जास्त घातला तर आवाज तारेवरून उलटा फिरतो आणि बोलणाऱ्याला आपलंच बोलणं परत ऐकू येतं.

‘आवाज वाढवायला अक्कल लागत नाही राव, जुळवायला लागते,’ हे ते चहाच्या घोटाघोटाला ऐकवतात.

कँटीनमध्ये दोघं भांडायला लागले की हे मध्ये पडून, ‘भांडा, पण लेव्हल सांभाळा,’ म्हणणार. सांगवीला सख्ख्या पुतण्याच्या लग्नात हे नवरा-नवरीला भेटायच्या आधी साउंडवाल्याचं बटण खाली ओढून आले. वाघमारेवहिनी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मी परचेसला आहे. टूल रूमला दिवसातून दहा फोन करावे लागतात. आणि अख्ख्या कंपनीत नेमक्या त्याच लाइनवर माझा आवाज माझ्याच कानात येऊन आदळतो. ‘ड्रिल किती उरलेत?’ विचारलं की पाठोपाठ मीच मला विचारतो, ‘किती उरलेत?’ डोकं फिरतं हो! तीनदा लेखी तक्रार केली. तिन्ही वेळा वाघमाऱ्यांनी माझ्याकडून एक ते वीस आकडे म्हणून घेतले आणि ‘दोष तुमच्या घशात आहे,’ असं सांगून चालते झाले. माझ्या घशात!

चौथ्यांदा मी थेट त्यांच्या खोलीत घुसलो. ‘दाखवा सेटिंग.’

स्क्रीनवर सगळ्या लाइनींपुढे एकच आकडा होता. टूल रूमपुढे मात्र भलताच मोठा.

‘हे कुणी केलं?’

‘मी.’

‘मग करा कमी. आत्ता. नाहीतर मी प्लँट हेडकडे जातो.’

वाघमाऱ्यांनी उठून दार लावलं.

‘टूल रूमला सोपान हाय ना. पंचवीस वर्षं पत्रा ठोकायच्या प्रेसवर काढली त्यानं. कान गेलेत त्याचे. समोर असलं की ओठ बघून भागवतो, फोनवर काय बघणार? कानाला मशिन लावलं तर सगळ्यांना कळंल, घरी बसवतील. पोरगी नर्सिंगला हाय त्याची.’ त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला. ‘करा तुम्हीच कमी. माझ्याच्यानं न्हाई होत.’

माझा राग काही गेला नाही. उलट वाढलाच. पंचवीस वर्षं त्या धडधडाटात माणूस उभा केला, त्याच्या कानांची चौकशी कुणी केली नाही, आणि मी माझ्या कानाला त्रास होतो म्हणून तीन अर्ज केले! स्वतःचीच लाज वाटली.

‘पोरीचं किती राहिलंय?’

‘दोन वर्षं.’

मी माउस परत त्यांच्याकडे सरकवला.

‘मग तक्रार मागं घ्या. लेखी!’ वाघमारे माझ्यावर खेकसले, आणि पाठ फिरवून कितीतरी वेळ डोळे पुसत राहिले.