हवा मोजणारे सेलूकर काका

आमच्या अपार्टमेंटमध्ये कुणाचीही नवी गाडी आली की आधी सेलूकर काका बॉनेट उघडायला लावतात, मग पूजा. माझ्या गाडीच्या वेळी नारळ हातातच राहिला आणि काका बॉनेटखाली डोकं घालून विचारत होते, "ताई, ही हवा कशानं मोजते?"

मी बँकेत काम करते. गाडी हवा मोजते, हेच मला तेव्हा कळलं. आत हवा किती येते त्यावर इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं, म्हणून एक सेन्सर असतो म्हणे. माझ्या गाडीत वाहती हवा मोजणारी तापलेली तार निघाली, काकांच्या जुन्या गाडीत नुसता हवेचा दाब बघणारा सेन्सर. आणि कंपनी एकच! झालं, वर्षभर तोच विषय.

"एकाच घरातली दोन लेकरं. एकाला थर्मामीटर लावायचा, दुसऱ्याच्या कपाळाला हात लावून औषध द्यायचं. गोम आहे यात, ताई."

चिकलठाण्याच्या कारखान्यात काकांनी जन्मभर बाहेरून आलेला माल तपासला. काका रिटायर झाले, नजर नाही झाली. दूधवाल्यात गोम, लिफ्टवाल्यात गोम. त्यात ही दुष्काळाची वर्षं. शहराच्या कडेच्या आमच्या सातारा परिसरात इमारती भराभर उठल्या, नळाची लाइन काही आली नाही, सगळी भिस्त टँकरवर. टँकर आला की काका वर चढून काठी बुडवून बघणार, अन् खाली येऊन आमच्या टाकीच्या पाइपावरच्या मीटरला डोळे लावून बसणार. टँकरवाले शफीकभाई एकदा वैतागले. "काका, किसी एक पे तो भरोसा रखो."

काका म्हणाले, "शफीक, मीटर म्हणजे या ताईंच्या गाडीतली तार. जाईल तेवढं नेमकं मोजतं, पण महाग, अन् गाळ अडकला की बिघडतं. काठी म्हणजे माझ्या गाडीतला दाबाचा सेन्सर. पातळी सांगते, हिशोब आपण करायचा. पण स्वस्त अन् दणकट. कंपनी इंजिन बघते, गाडीची किंमत बघते, जमेल ते बसवते. त्यात कसली आलीय गोम?"

मी बघतच राहिले. इतकं सगळं कळतं, तर वर्षभर माझं डोकं का खाल्लं या माणसानं? आता मला काकांचाच संशय यायला लागला.

रविवारी धिरडी द्यायला वर काकांकडं गेले, तर पुण्याहून मिलिंदचा फोन स्पीकरवर चालू होता. काकांचा एकुलता एक मुलगा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनाच्या विभागात आहे. काकू होत्या तोवर तो आईशीच बोलायचा. त्या गेल्यावर बापलेकांचं बोलणं म्हणजे गोळी घेतली का, पाणी आलं का, ठेवतो. एवढंच. जिन्यातून जाता-येता मीच ऐकलेलं.

आज मात्र मिलिंद तार अन् दाब समजावून सांगत होता, अगदी पहिलीच्या पोराला सांगावं तसं, अन् काका डोळे मिटून कीर्तनाला बसल्यासारखे ऐकत होते.

"आता तरी पटलं का, बाबा?"

"नाही रे बाबा. काही पटत नाही. पुढच्या रविवारी परत सांग."

मी तोंड उघडलंच होतं. अहो, परवा शफीकभाईंना तर तुम्हीच शिकवलं! तेवढ्यात काकांनी डोळे उघडले अन् मला पाहिलं. सगळ्या दुनियेवर संशय घेणारा हा माणूस, पण त्याला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हळूच हात जोडले.

मी ताटली खाली ठेवली अन् फोनजवळ जाऊन म्हणाले, "मिलिंद, मी खालची ताई बोलतेय. मलाही नाही पटलं. आमचा मेकॅनिक म्हणतो, काही गाड्यांत दोन्ही बसवतात. ते कशाला?"

"दोन्ही?" काका ताठ बसले. "ऐकलंस का मिलिंद? गोम आहे यात."

पलीकडून मिलिंद हसला. "थांबा बाबा, चहा घेऊन बसतो. हे जरा मोठं आहे."

काकांनी बाहीनं डोळे पुसले अन् दुसरी खुर्ची माझ्याकडं सरकवली.